कॉपीराइटची मुदत आणि खुला डेटा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या विषयावर आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. काहींना जुनी पुस्तकं, छायाचित्रं, हस्तलिखितं स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवायची आहेत. काहींना स्वतः जमवलेली आकडेवारी खुली करायची आहे. अडतात मात्र दोघंही एकाच जागी: यावर हक्क कुणाचा आणि तो कधीपर्यंत? मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

लेखक वारून साठ वर्षं झाली की पुस्तक मोकळं होतं, असं ऐकलं आहे. नेमका दिवस कोणता धरायचा? आणि इंटरनेटवर ठेवलं की ते सगळ्याच देशांत दिसणार, त्याचं काय?

मृत्यूची तारीख शोधण्यात वेळ घालवू नका, वर्ष पुरतं. मुदत मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायला लागतात, म्हणून ती नेहमी ३१ डिसेंबरला संपते. साठ वर्षं हा भारतीय कायद्याचा आकडा आहे. बर्न करारातली (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) किमान मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत तर १००.

एक उदाहरण घेऊ. भारतीय लेखक, मृत्यू १२ मार्च १९६४, पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं १९४० साली. भारतात ते १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. युरोपीय संघात ७० वर्षांच्या हिशोबानं २०३५ उजाडायला हवं. पण तिथे परदेशी लेखकांना ‘कमी मुदतीचा नियम’ लागतो, म्हणजे मूळ देशात मुदत संपली की तिथेही संपली. म्हणून तिथेही २०२५. कॅनडात २०२२ च्या अखेरपर्यंत मुदत ५० वर्षांचीच होती. ती ७० केली तेव्हा आधी मोकळ्या झालेल्या साहित्याला पुन्हा कुलूप घातलं नाही, त्यामुळे तिथे हे पुस्तक २०१५ पासूनच मोकळं आहे. अमेरिकेत मात्र त्या काळातल्या पुस्तकांची मुदत प्रसिद्धीपासून ९५ वर्षं चालते आणि कमी मुदतीचा नियम नाही. तिथे २०३६ च्या १ जानेवारीपर्यंत थांबा.

एकाच पुस्तकाची ही तीन वेगवेगळी वर्षं निघाली. म्हणून स्कॅनखाली नुसतं ‘प्रताधिकारमुक्त’ लिहू नका. ‘भारतात १ जानेवारी २०२५ पासून प्रताधिकारमुक्त, अमेरिकेत २०३५ अखेरपर्यंत संरक्षित’ असं लिहा. फाइल ज्या देशातल्या सर्व्हरवर ठेवणार आणि जी संस्था ती ठेवणार, त्या देशांचा हिशोब आधी करा.

फसगत होते ती बहुधा पुढच्या ठिकाणी. पुस्तक म्हणजे एकच कृती नसते. मजकूर एकाचा, प्रस्तावना दुसऱ्याची, आतली चित्रं तिसऱ्याची, अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. प्रत्येकाचं मृत्यूवर्ष वेगळं काढा आणि ज्या भागाची मुदत चालू आहे तो भाग गाळून बाकीचं ठेवा. दोन लेखकांनी मिळून लिहिलं असेल तर शेवटी गेलेल्याचं वर्ष धरायचं. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाची मुदत भारतात प्रसिद्धीपासून ६० वर्षं असते. मधल्या काळात लेखकाची ओळख उघड झाली तर ती मृत्यूपासून मोजतात. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेलं लेखनही प्रसिद्धीपासूनच मोजतात. म्हणजे १९५० साली वारलेल्या माणसाची रोजनिशी १९९० साली छापून आली, तर ती २०५१ उजाडेपर्यंत बंद. ब्रिटनमध्ये याहून विचित्र प्रकार आहे: १९६९ च्या आधी वारलेल्या लेखकांची १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेली बरीचशी पत्रं आणि कागदपत्रं तिथे २०३९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, मग ती दोनशे वर्षांपूर्वीची का असेनात.

आणखी एक. पुनर्मुद्रणावर छापलेलं साल आणि ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ पाहून मुदत ठरवू नका. १९४० च्या मजकुराचं २०१० साली पुनर्मुद्रण झालं म्हणून मजकुराची मुदत नव्यानं सुरू होत नाही. नव्या प्रस्तावनेची आणि नव्या टीपांची तेवढी होते. मृत्यूवर्ष ग्रंथालयांच्या नामसूचीत पाहा, आणि एकाच नावाचे दोन लेखक तर नाहीत ना, हे जन्मवर्षावरून ताडून घ्या.

मुदत वाढवली की लेखकांना लिहायला प्रोत्साहन मिळतं, असा युक्तिवाद नेहमी होतो. त्यात कितपत तथ्य आहे?

आकडे मांडूनच पाहू. समजा एका पुस्तकातून दरवर्षी १०० एवढं मानधन येतं आणि ते कधीच घटत नाही. (प्रत्यक्षात ते लवकरच आटतं, पण लेखकाच्या बाजूनं सढळ हातानं हिशोब करू.) पुस्तक लिहिल्यावर लेखक ३० वर्षं जगतो. मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत म्हणजे एकूण ८० वर्षं, ७० वर्षांची म्हणजे १००. व्याजाचा दर ७ टक्के धरला, तर ८० वर्षांच्या मानधनाचं आजचं मोल (म्हणजे तेवढं मिळत राहण्यासाठी आज व्याजानं ठेवावी लागणारी रक्कम) सुमारे १,४२२ येतं आणि १०० वर्षांच्या मानधनाचं १,४२७. वाढीव वीस वर्षांनी पदरात पडलं पाच, म्हणजे एक टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा. ८१व्या वर्षी मिळणाऱ्या शंभराची आजची किंमत अर्धासुद्धा भरत नाही, हे त्याचं कारण. एवढ्यासाठी कुणी जास्तीचं एक प्रकरण लिहील असं आम्हांला वाटत नाही.

आता तीच वाढ जुन्या पुस्तकाला लावा. त्याची मुदत येत्या ३१ डिसेंबरला संपणार होती, कायद्यानं ती वीस वर्षं पुढे ढकलली. ते वर्षाला शंभर याच दरानं कमावत असेल, तर या वीस वर्षांचं आजचं मोल सुमारे १,०५९. नव्या पुस्तकाच्या सव्वादोनशे पट! मुदतवाढीची मागणी लिहायला बसलेल्यांकडून न येता जुन्या साठ्याच्या मालकांकडून का येते, ते या दोन आकड्यांत दिसतं. लिहून झालेल्या पुस्तकाला मागाहून प्रोत्साहन तरी कसलं देणार?

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात नव्या पुस्तकांना १४ वर्षं होती, आणि लेखक हयात असेल तर आणखी १४. अमेरिकेनं १७९० मध्ये तोच नमुना उचलला. १९७६ च्या कायद्यात मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं झाली आणि १९९८ मध्ये ७०. ती १९९८ ची वाढ आधीच्या कृतींनाही लागू केल्यामुळे १९९९ ते २०१८ ही वीस वर्षं तिथे मुदत संपून एकही प्रकाशित पुस्तक मोकळं झालं नाही. १९२३ ची पुस्तकं २०१९ च्या १ जानेवारीला सुटली. भारतात १९५७ च्या कायद्यात ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, आणि नेमकी त्याच सुमारास ती सगळ्यांसाठी ६० करण्यात आली. एका लेखकासाठी सगळ्यांची कुलपं दहा वर्षं लांबली.

अमेरिकेतल्या १९९८ च्या वाढीला ‘एल्ड्रेड विरुद्ध अ‍ॅशक्रॉफ्ट’ खटल्यात आव्हान दिलं गेलं. मिल्टन फ्रीडमन, केनेथ अ‍ॅरो, रोनाल्ड कोस यांच्यासह १७ अर्थतज्ज्ञांनी न्यायालयापुढे वर केला तसलाच हिशोब मांडला. २००३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी वाढ कायम राहिली. मुदत किती असावी हे ठरवणं कायदेमंडळाचं काम, असा बहुमताचा सूर होता.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा आम्हांला वजनदार वाटतो. जुने चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं जतन करायला खर्च येतो आणि हक्क हातात असेल तर कुणीतरी तो करतं. पण त्यासाठी सरसकट सगळ्यांची मुदत वाढवायची गरज नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीपुरती मर्यादित सवलत पुरली असती. ‘सगळीकडे सारखी मुदत हवी’ हा तिसरा युक्तिवाद व्यापार करारांतून पुढे येतो, कॅनडात तशीच वाढ झाली. त्यात सारखेपणा नेहमी जास्त वर्षांकडेच झुकतो, हे लक्षात ठेवा.

घर, जमीन वारसांना कायमची मिळते. मग लेखकाच्या मुलांनीच का सोडायचं?

जमिनीचा मालक कोण ते दप्तरात सापडतं. कॉपीराइटला दप्तरच नाही. बर्न करारानुसार परदेशी लेखकांचा हक्क नोंदणीवर अवलंबून ठेवता येत नाही, त्यामुळे तो लिहिल्या क्षणी आपोआप जन्मतो आणि पुढे वारसांत वाटला जातो. तीन मुलं, त्यांची आठ नातवंडं, दोघं परदेशात, प्रकाशनसंस्था बंद पडलेली. छापायची परवानगी द्यायला कुणाची ना नसते. विचारायचं कुणाला हेच कळत नाही. अशा कृतींना अनाथ कृती म्हणतात, आणि मुदत जितकी लांब तितकी त्यांची संख्या वाढते.

वारसांना फायदा किती होतो? अमेरिकेत १९७८ च्या आधी २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागायचं. तेव्हा नोंदलेल्यांपैकी साधारण १५ टक्के हक्कांचंच नूतनीकरण होई. बाकीच्या मालकांना अर्ज भरण्याइतकाही त्यात रस उरला नव्हता. कायद्याचे अभ्यासक पॉल हील्ड यांनी अमेझॉनवरच्या नव्या प्रतींचा नमुना तपासला, तेव्हा १९८० च्या दशकातल्या पुस्तकांपेक्षा १८८० च्या दशकातली जास्त आढळली: हक्क संपलेली पुस्तकं कुणीही छापतं, हक्क चालू असलेली कुणीच नाही.

मधला मार्ग सुचवला गेला होता. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये एक विधेयक आलं: प्रसिद्धीनंतर ५० वर्षांनी मालकानं एक डॉलर भरून नोंद करावी, न केल्यास कृती मोकळी. ज्याला हक्क हवा त्याचा राहिला असता, आणि मालक कोण ते कागदावर आलं असतं. ते मंजूर झालं नाही. आमच्या मते ५० की ७० या वादापेक्षा ही नोंद जास्त कामाची होती.

मी जमवलेल्या आकड्यांवर माझा कॉपीराइट आहे का?

एकेका आकड्यावर नाही. पाऊस १२ मिलिमीटर पडला ही वस्तुस्थिती आहे, ती कुणाची रचना नाही. आकड्यांची निवड आणि मांडणी यांत स्वतःची बुद्धी लागली असेल तर त्या मांडणीला संरक्षण मिळू शकतं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये ‘फाइस्ट विरुद्ध रूरल’ खटल्यात हे स्पष्ट केलं. रूरल या टेलिफोन कंपनीच्या निर्देशिकेतली नावं फाइस्टनं उचलली होती. १,३०९ नोंदी हुबेहूब जुळल्या आणि त्यांतल्या चार तर चोर पकडण्यासाठी मुद्दाम घातलेल्या खोट्या नोंदी होत्या! चोरी सिद्ध झाली, तरी फाइस्ट जिंकली. वर्णक्रमानं लावलेली नावं आणि नंबर यांत निर्मिती कसलीच नाही, नुसती मेहनत कॉपीराइटला पुरत नाही, असं न्यायालय म्हणालं.

युरोपात गोष्ट वेगळी. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानं डेटाबेस जमवायला, तपासायला किंवा मांडायला मोठा खर्च करणाऱ्याला १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला. वरवर मुदत छोटी दिसते. पण डेटाबेसमध्ये पुन्हा भरीव गुंतवणूक केली की नवी १५ वर्षं सुरू होतात, म्हणून सतत अद्ययावत होणारा डेटाबेस व्यवहारात कधीच सुटत नाही. २००४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयानं त्याला थोडा लगाम घातला: माहिती *जमवायला* केलेला खर्च धरायचा, ती *निर्माण* करायला केलेला नाही. शर्यतीचं वेळापत्रक आखणाऱ्या संस्थेला त्या वेळापत्रकावर हा हक्क मिळाला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की परवान्यात कॉपीराइटबरोबर डेटाबेसच्या हक्काचाही उल्लेख हवा. नाहीतर युरोपातला वापरकर्ता अडकतो.

मग परवाना कोणता निवडू? यादी पाहून डोकं गरगरतं.

निव्वळ आकड्यांच्या संचाला आमचं पहिलं मत क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या ‘सीसी झीरो’ला. तो २००९ पासून आहे. त्यात सगळे हक्क सोडले जातात, आणि जिथे कायद्यानं सोडता येत नाहीत तिथे विनाअट परवाना मिळतो. विकिडेटा आणि प्रोटीन डेटा बँक हाच वापरतात. श्रेय मिळणार नाही अशी भीती वाटत असेल तर सोबतच्या फाइलमध्ये ‘उल्लेख असा करावा’ म्हणून तयार वाक्य द्या. संशोधक ते पाळतात; परवान्याच्या धाकानं पाळत नाहीत, शिस्त म्हणून पाळतात.

श्रेयाची अट कायद्यानंच हवी असेल तर ‘सीसी बाय ४.०’. आवृत्तीचा आकडा गाळू नका. २०१३ च्या ४.० मध्ये युरोपीय डेटाबेस हक्क धरलेला आहे. शिवाय श्रेय द्यायला चुकलेल्यानं चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर त्याचा परवाना आपोआप परत येतो. जुन्या आवृत्त्यांत चूक झाली की परवाना तिथेच संपत असे, आणि त्याचा फायदा घेऊन भरपाई उकळणारे लोक निघाले.

‘अव्यापारी वापर’ ही अट मोहात पाडते. टाळा. जाहिराती असलेला शैक्षणिक ब्लॉग व्यापारी की अव्यापारी? फी घेणारं महाविद्यालय? पुस्तक विकणारा संशोधक? उत्तर माहीत नसलेला भला माणूस डेटा वापरतच नाही, आणि ज्याला लुबाडायचं आहे तो विचारत नाही. ‘बदल करू नये’ ही अट डेटाला तर निरुपयोगीच: दोन तक्ते जोडून केलेला तिसरा तक्ता वाटायलाच बंदी होते.

‘आमच्यासारखाच परवाना ठेवा’ या अटीत खरी मेख आहे ती दोन संच जोडताना. लोकांनी मिळून काढलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशानं २०१२ मध्ये जुना सीसी परवाना सोडून ‘ओडीबीएल’ हा डेटाबेससाठीचा परवाना घेतला, तेव्हा ज्यांनी संमती दिली नाही त्यांनी काढलेले रस्ते, इमारती नकाशातून पुसाव्या लागल्या. आजही ‘सीसी बाय ४.०’ खालचा डेटा त्या नकाशात थेट घालता येत नाही. देणाऱ्याकडून जादा लेखी परवानगी घ्यावी लागते. म्हणून निवडण्याआधी स्वतःला विचारा: हा डेटा शेवटी कुठे जोडला जावा असं वाटतं? त्या ठिकाणी चालणारा परवाना घ्या. स्वतःचा परवाना स्वतः लिहायचा विचार मात्र सोडून द्या.

श्रेयाची ओळ अशी असावी: ‘केंद्रनिहाय दैनिक पाऊस २००१–२०२०, आवृत्ती १.२; संकलन: (नाव); कायमचा पत्ता; सीसी बाय ४.०, बदल: मासिक बेरीज केली.’ शेवटचा ‘बदल’ हा भाग सगळे विसरतात, आणि मग तुमची चूक मूळ संकलकाच्या नावावर जाते.

फाइल देऊनही लोक ‘उघडत नाही’, ‘आकडे चुकीचे दिसतात’ म्हणतात. काय चुकत असावं?

एक ओळ घेऊन पाहू:

००४७, ०३/०४/२१, (रिकामं), दऱ्याची वाडी

चार रकाने, चार सापळे. पहिला: केंद्राचा कोड. सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की पुढची शून्यं उडतात, ४७ उरतं, आणि सेव्ह केलं की ती कायमची गेली. कोडच्या आधी अक्षर लावा (क००४७) किंवा फाइल ‘इम्पोर्ट’ करून तो रकाना मजकूर म्हणून घ्यायला सांगा. हे फक्त नवख्यांचंच होतं असं समजू नका. मानवी जनुकांची ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी नावं एक्सेल इतक्या वेळा तारखांत बदलत असे की अखेर २०२० मध्ये जनुकांचं नामकरण करणाऱ्या समितीनं नावंच बदलून टाकली. सॉफ्टवेअरपुढे विज्ञानानं हात टेकले म्हणायचे.

दुसरा: तारीख. ३ एप्रिल की ४ मार्च? २०२१-०४-०३ असं वर्ष-महिना-दिवस लिहा, प्रश्न मिटतो.

तिसरा: रिकामी जागा. पाऊस पडला नाही, मोजला नाही, की यंत्र बंद होतं? पडला नसेल तर ०. मोजला नसेल तर रिकामं ठेवा आणि शेजारच्या रकान्यात कारणाचा कोड द्या. रिकाम्या जागी -९९९ घालायची जुनी सवय वाईट; कुणीतरी सरासरी काढतं आणि पाऊस उणे येतो.

चौथा देवनागरीत काम करणाऱ्यांचा खास. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत वापरतात, काही साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावं वाटतात, आणि तक्ते जोडताना निम्म्या नोंदी गळतात. ‘ऱ’ हे अक्षरही कधी एकसंध, कधी ‘र’खाली नुक्ता देऊन साठवलेलं असतं. ही दुसरी तफावत युनिकोडचं (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) ‘एनएफसी’ प्रमाणीकरण चालवलं की जाते. जोडचिन्हाची जात नाही, ती शोधा-बदला करूनच काढावी लागते. खरा इलाज म्हणजे जोडणी नावावर न करता कोडवर करणं. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत साठवा. एक्सेलमध्ये देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर फाइल बिघडलेली नसते, तीही इम्पोर्ट करून उघडायची. आणि आकड्यांच्या रकान्यात देवनागरी अंक नकोत, बहुतेक सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतं. (वरची ओळ छापण्यासाठी देवनागरीत दिली आहे.)

डेटाच्या फाइलबरोबर आणखी तीन हव्यात: काय, कधी, कसं मोजलं हे सांगणारी ‘रीडमी’; प्रत्येक रकान्याचं नाव, एकक आणि शक्य किमती देणारा रकानेकोश; आणि परवान्याचा पूर्ण मजकूर. एकक लिहायला विसरू नका. सगळं झेनोडोसारख्या भांडारात ठेवलंत तर कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. सर्न या युरोपीय संशोधन प्रयोगशाळेत चालणारं हे भांडार मोफत आहे आणि एका संचाला साधारणपणे ५० जीबीपर्यंत जागा देतं. वैयक्तिक ड्राइव्हची लिंक म्हणजे प्रकाशन नव्हे.

नावं काढून टाकली की व्यक्तींची माहिती खुली करायला हरकत नाही ना?

हरकत आहे. संगणकतज्ज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा बाहेर आला, त्यात परवाना क्रमांक ‘एमडी५’ या सांकेतिक सूत्रानं झाकले होते. पण क्रमांकांचा साचा ठरलेला असल्यामुळे सगळे शक्य क्रमांक त्याच सूत्रातून काढून जुळवणं सोपं होतं, आणि झाकण लगेच उघडलं. क्रमांक झाकायचेच असतील तर सूत्र न वापरता यादृच्छिक क्रमांक द्या आणि जुळणीची यादी नष्ट करा. जन्मतारखेऐवजी वयोगट, घराऐवजी तालुका. मग मोजा: वयोगट, लिंग, तालुका यांच्या कुठल्याही एका जोडणीत पाचपेक्षा कमी माणसं उरली असतील तर गट आणखी मोठे करा. गंभीर आजारासारख्या माहितीला एवढंही पुरत नाही. तिथे बेरजाच द्या.

एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्राखाली ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहिलं आहे. वापरता येईल का?

सपाट चित्राच्या हुबेहूब प्रतीत नवी निर्मिती नसते, म्हणून नवा कॉपीराइटही नसतो. अमेरिकेत १९९९ च्या ‘ब्रिजमन’ निकालात हे आलं. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशाच्या १४व्या कलमात दृश्यकलेपुरतं ते लिहूनच टाकलं. शिल्पाचं छायाचित्र मात्र वेगळं, तिथे प्रकाश आणि कोन छायाचित्रकार निवडतो. तरी एक पाहा: फाइल उतरवताना तुम्ही काही अटींना ‘मान्य’ म्हटलंय का? तसं असेल तर कॉपीराइट नसला तरी कराराचा प्रश्न उरतो. अशा वेळी तेच चित्र दुसऱ्या खुल्या संग्रहातून घ्यावं.

न्यायनिकालांचं थोडं तसंच आहे. भारतात निकालाचा मूळ मजकूर छापायला मोकळीक आहे. प्रकाशकानं लिहिलेला गोषवारा आणि स्वतः पाडलेली परिच्छेदरचना त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं ‘ईस्टर्न बुक कंपनी’ खटल्यात म्हटलं. म्हणून निकाल न्यायालयाच्या स्वतःच्या प्रतीवरून घ्या, प्रकाशकाच्या छापील खंडावरून नको.

खुला केलेला डेटा पुढे परत घेता येतो का?

तुमच्या पानावरून काढू शकता. पण सीसी परवाने मागे घेता येत नाहीत. ज्यानं तो आधी उतरवला, त्याचा हक्क मुदत संपेपर्यंत राहतो, आणि तो पुढेही वाटू शकतो. म्हणून हक्क दुसऱ्या कुणाचा असू शकतो अशी शंका असेल तर आधी त्याची लेखी संमती घ्या. आकड्यांत चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. नवी आवृत्ती चढवा, काय बदललं ते रीडमीत तारखेसह लिहा आणि जुनीही तिथेच राहू द्या. झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक. लेखात संदर्भ देताना आवृत्तीचा डीओआय द्या, पोस्टरवर किंवा संकेतस्थळावर सामाईक.